दगडांची तळ्याकडची बाजू

बेस्तूनने ओल्या मातीचा गोळा तिसऱ्या दगडावर थापला आणि बोटांनी पसरवला. दगडाच्या अलीकडच्या अंगावरचा लाल रंग हळूहळू झाकला गेला. तो गुडघ्यांवर बसला होता आणि आपलं बोटसुद्धा दगडाच्या माथ्यापलीकडे जाणार नाही याची डोळ्यांत तेल घालून काळजी घेत होता.

"डावीकडे अजून थोडं दिसतंय," मागून शिलेर म्हणाली.

"दिसू दे की. लोकांना कळेल तरी, इथं आपल्या आधी कोणीतरी येऊन गेलंय."

"माझ्या फोटोत कोणी येऊन गेलेलं नको. तेवढं झाक आणि ये."

त्याने तेवढंही झाकलं. मग हात गवताला पुसत, आल्या वाटेने मोजकी वीस पावलं टाकत तो तिच्यापाशी परत आला. उंचवट्यावर तिची कॅमेऱ्याची तिपाई उभी होती. खालची जमीन भुसभुशीत, म्हणून तिपाईचे तीनही पाय त्यानेच एका धोंड्याने ठोकून घट्ट रोवले होते. समोर दगडांची ओळ, ओळीपलीकडे गवताचा उतार, उताराखाली तळं आणि तळ्यामागे बर्फाचे पट्टे अंगावर वागवणारा डोंगर. ऊन अजून कडक होतं. शिलेरला हवा होता तो उजेड पाचनंतरचा.

लाल दगडाचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या लढाईत दोन्ही देशांच्या फौजांनी सरहद्दीच्या या डोंगरांत सुरुंग पेरले. फौजा निघून गेल्या, पेरलेलं तसंच राहिलं. त्यांच्या सुलेमानी शहरातल्या शाळांच्या भिंतींवर चित्रं असत: लाल दिसलं की थांब. त्याच भिंती बघत दोघं मोठी झालेली. त्यामुळे ओळ दिसल्याबरोबर बेस्तून जागच्या जागी थांबला होता. लाल दगड समोर, म्हणजे सुरुंग दगडांच्या पुढे, तळ्याच्या अंगाला. आपण अलीकडे. याच्यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

"ससोबा," शिलेर कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली, "तुझा श्वास मला इथंवर ऐकू येतोय."

"औषधाचं दुकान आहे माझं. दहा दिवस बंद ठेवून मी तुझ्यामागे हमाली करतोय. श्वास तरी घेऊ दे."

ती हसली. आठ दिवसांत त्यांनी अकरा तळी पालथी घातली होती. धरणाचं मोठं पाणी, गुराख्यांची डबकी, कड्याखालचं काळं कुंड. बारावं झालं की तिची फोटोंची मालिका पुरी होणार होती. या बाराव्या तळ्याला, गोमेशीनला, येणारी नेहमीची वाट पलीकडून होती, डोंगराला वळसा घालून. शिलेरला तेवढा धीर कुठला. पिकअप रस्त्यावर ठेवून ती दोन कड्यांमधल्या अरुंद नाळेत साचलेल्या जुन्या बर्फावरून सरळ वर चढली आणि बेस्तून कुरकुरत तिच्यामागे.

"खाली तंबू दिसतात," ती म्हणाली. "जा आणि ताक मिळतं का बघ. भाकरी नुसतीच घशाखाली उतरत नाही."

"तू एकटी?"

"मी तळ्याबरोबर आहे."

तळ्याच्या टोकाला दोन काळे तंबू होते, शेळ्यांच्या केसांचे, उन्हाळ्यात वर येणाऱ्या धनगरांचे. सरळ खाली उतरलं तर पाऊण तासाची वाट पाव तासाची झाली असती, पण मध्ये दगडांची ओळ होती. बेस्तूनने लांबची वाट धरली. आधी नाळ, मग रस्ता, मग डोंगराचा वळसा. बर्फावर टाच रुतवत तो निम्मा उतरला आणि सवयीने मागे वळून पाहिलं. पिवळ्या जाकिटातली शिलेर तिपाईपाशी उभी होती, तोंड त्याच्याकडेच. त्याने हात केला. तिने केला नाही. कामात असली की ती कोणाची नसते, हे तीन वर्षांच्या संसारात त्याला पुरतं कळलं होतं.

वळसा घालून तो तळ्याच्या काठाला लागला तेव्हा पहिली गोष्ट त्याच्या डोळ्यांत भरली ती शेळ्या. पंचवीस-तीस शेळ्या तळ्यापासून वर उतारावर पसरून चरत होत्या. ज्या उतारावर पाय ठेवायचा नाही म्हणून तो एवढा फेरा मारून आला, त्याच उतारावर. बेस्तून थबकला. शेळीला काय कळतंय, असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं. पण शेळ्यांच्या मध्ये एक सतरंजी वाळत घातली होती, आणि सतरंजी काही आपल्या पायांनी तिथवर गेली नसणार.

तो चालत राहिला. चालताना नजर पुन्हापुन्हा वर जात होती.

पहिल्या तंबूसमोर एक म्हातारी ताक घुसळत होती. तीन वाशांच्या मधोमध टांगलेली कातडी पिशवी ती पुढे-मागे ढकलत होती आणि पिशवीतून लपलप आवाज येत होता. डोक्याला काळा रुमाल, हात कोपरापर्यंत ओले. त्याच्याकडे पाहून तिने पिशवी थांबवली नाही.

"ये बाबा. कुणाचा तू?"

"सुलेमानीचा आहे, मावशी. बेस्तून. सहज आलो होतो, तळं बघायला, म्हटलं..."

"ताक हवंय तर सांग की. ताकाला येऊन भांडं कसलं लपवतोस?" ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. "मी खुंचे. बस. लोणी वर यायला आलंय."

तो बसला नाही. त्याची नजर उतारावर खिळली होती. उतार वर जिथे संपत होता तिथे, तळ्याला समांतर, दगडांची एक लांबलचक ओळ गेली होती. प्रत्येक दगड पांढराशुभ्र. एकही लाल नाही.

"मावशी," तो म्हणाला. "ते पांढरे दगड कसले?"

"ते होय. सुरुंग काढणारे सुरुंगवाले येतात, त्यांनी ठेवलेत."

"पण सुरुंगाचे दगड तर लाल असतात."

"तिकडून लाल. इकडून पांढरे." म्हाताऱ्या खुंचेने पिशवीला एक धक्का दिला. "एका दगडाला दोन तोंडं. पांढरं तोंड माणसांकडे, लाल तोंड सुरुंगांकडे. पांढरं दिसतंय तोवर शेळ्या खुशाल चारायच्या. लाल दिसायला लागलं की समजायचं, आपण भलत्या बाजूला आहोत. माझ्या धाकट्या दिराने एकदा दगडापलीकडून लाल बघितलं. पाय त्याचा तिथंच आहे वर. बाकीचा तो खाली गावात दुकान चालवतो."

बेस्तूनला आठवलं ते सगळं एकदम आठवलं नाही, एकेक करून आठवलं. नाळेतल्या बर्फावरून उंचवट्यापर्यंतचं उघडं गवत. तिथे शिलेरने अंथरलेलं फडकं आणि त्यावर दोघांनी टेकलेलं बूड. दगडांपर्यंतची वीस पावलं, जाताना आणि येताना, तीन वेळा. मातीचा गोळा करायला त्याने बोटांनी उकरलेली जमीन. आणि तिपाईचे पाय, जे त्याने धोंड्याने ठोकले होते. एक, दोन, तीन.

"ती वर कोण आहे पिवळी?" खुंचेने आता पिशवी सोडली होती. ती डोळ्यांवर हात धरून बघत होती.

"माझी बायको."

म्हातारीने तंबूकडे तोंड करून हाक दिली, "सिरवान! मोटारसायकल काढ. सुरुंगवाल्यांना घेऊन ये. हमाअमीनला सांग, दगडाच्या आत माणूस आहे. जिवंत आहे. सांग, बाईमाणूस आहे."

तंबूतून तिचा मिशाळ मुलगा चहाचा पेला हातात घेऊन बाहेर आला. त्याने एकदा वर बघितलं, पेला जमिनीवर ठेवला आणि निघालाच. कोणी कोणाला काही विचारलं नाही. इथे हे काम कसं करायचं ते सगळ्यांना पाठ असावं.

बेस्तून उताराच्या दिशेने धावला. चार पावलंही गेला नसेल, खुंचेने मागून त्याचा पट्टा धरला. म्हातारीच्या हातात बरीच ताकद होती.

"धावू नकोस."

"सोडा मला."

"तू धावताना तिला दिसलास की ती विचारायला पुढे येईल. बायका अशाच असतात. मीसुद्धा अशीच पुढे गेले असते. चालत चल. ताक पिऊन सुस्त झालेला माणूस चालतो तसा चल."

मोबाईलला या खोऱ्यात कुठून रेंज मिळणार. हाक पोचण्यासारखं अंतर नव्हतं आणि वारा अंगावर येत होता. वर पिवळा ठिपका तिपाईपाशी होता. शिलेर फोटो काढताना कधी एका जागी राहत नाही. दोन पावलं मागे जाते, खाली बसते, बाजूला सरकते, चौकट जुळेपर्यंत तिला जमिनीचं भान नसतं. एकदा धरणाच्या काठावर ती अशीच मागे मागे जात पाण्यात पडली होती आणि वर आल्यावर तिने आधी कॅमेऱ्याची चौकशी केली होती. ते आठवून एरवी त्याला हसू यायचं. आत्ता आलं नाही.

काहीतरी करायला हवं होतं. मग त्याला त्यांची खूण आठवली. डोंगर केवढा हे कळायला फोटोत माणूस लागतो, आणि तो माणूस गेली तीन वर्षं बेस्तूनच होता. लांब कुठेतरी त्याला उभं करून शिलेर दोन्ही हात डोक्यावर ठेवायची. त्याचा अर्थ, हलू नकोस, आहेस तसा राहा. आजवर ही खूण तिनेच केली होती आणि त्याने पाळली होती.

त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तसाच उभा राहिला.

बराच वेळ काही झालं नाही. मग वर त्या पिवळ्या ठिपक्याने दोन हात उचलले आणि डोक्यावर ठेवले.

"हे काय?" खुंचेने विचारलं.

"चेष्टा करतेय," बेस्तून म्हणाला. त्याला रडू कोसळेल असं वाटलं. "तिला वाटतंय मी गंमत करतोय."

दोघं चढायला लागली. म्हातारी पुढे, तो मागे. ती शेळ्यांच्या वाटेने सावकाश चालत होती आणि मध्येच एखाद्या शेळीला नावाने दटावत होती. बेस्तून जीव मुठीत धरून चालत होता. ही बाजू सुरक्षित आहे हे त्याला आता ठाऊक होतं, पण पायांना ते पटत नव्हतं. प्रत्येक पाऊल तो आधी डोळ्यांनी ठेवत होता. वर बघत होता, खाली बघत होता, परत वर. पिवळं जाकीट आहे तिथेच होतं. ते हलू नये म्हणून तो मनातल्या मनात येतील तेवढ्या प्रार्थना म्हणत होता, आणि त्याला फारशा येत नव्हत्या.

ओळीपाशी पोचल्यावर खुंचे थांबली. तिने काठी आडवी धरून त्यालाही थांबवलं. समोर तीन दगड होते, इकडून पांढरे स्वच्छ. त्यांच्या माथ्यावर, पलीकडून येऊन, ओल्या मातीचे बोटांचे ठसे उमटले होते. म्हातारीने वाकून पलीकडे पाहिलं.

"कोणी केलं हे?"

"मी."

"का?"

"फोटोत लाल नको होतं."

खुंचेने त्याच्याकडे पाहिलं. तिला रागवायचं होतं हे दिसत होतं. पण ती एवढंच म्हणाली, "सुंदर दिसत असेल."

शिलेर वीस पावलांवर होती. एक हात तिपाईवर, पाय जुळवलेले. तिने पाय उचलले नाहीत, मान वळवली नाही, फक्त डोळे त्याच्याकडे आणले. ती उभी होती ते बघूनच बेस्तूनला कळलं की हिला सगळं ठाऊक आहे. चेष्टा नव्हती ती. तीसुद्धा त्याला तेच सांगत होती.

"पोरी," खुंचे सावकाश, मोठ्याने म्हणाली, "आहेस तिथंच राहा. बसू नकोस. काही उचलू नकोस. माणसं येतायत."

"हो, मावशी."

"आल्या पावलांनी मागे नाही का येता येणार?" बेस्तूनने विचारलं. "आम्ही दोघं इथं चाललो. मी तीन वेळा चाललो. काही झालं नाही."

"गवतावर पाऊल उमटतं का? दाखव मला एक." तो गवत न्याहाळू लागला तशी ती म्हणाली, "एका वेळेला काही होत नाही. दुसऱ्या वेळेलाही होत नाही. माझा दीर त्या वाटेने सात वर्षं लाकडं आणत होता."

सुरुंगवाले तासाभराने आले. चौघं होते, निळी जाड जाकिटं घातलेले. हमाअमीन त्यांचा म्होरक्या, पन्नाशीचा, थकल्या डोळ्यांचा. त्याने आधी दगडांवरची माती पाण्याने धुऊन काढली. पलीकडून दगड पुन्हा लाल झाले. मगच तो बोलला.

"नाळेतून आलात ना? नाळेतले दगड बर्फ दर वर्षी खाली घेऊन जातं. आम्ही उन्हाळ्यात नवे ठेवतो. यंदा बर्फ अजून उतरलं नाही." त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता, त्यामुळे बेस्तूनला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, कुठंकुठं पाय पडले आठवतं?"

"आठवत नाही," शिलेर म्हणाली. "सगळीकडे."

"हरकत नाही. आम्ही इथून वाट करत येतो. वेळ लागेल. पाय दुखले तर सांगा, पण हलू नका."

त्याने तोंडावर काचेचा पडदा ओढला आणि पहिल्या दगडापलीकडे पोटावर झोपला. त्याच्या हातातलं यंत्र गवतावरून इकडून तिकडे फिरू लागलं. मग तो एक पातळ सळई घेऊन जमीन हळूहळू टोचू लागला, बेस्तूनची आजी पोळीची कणीक बोटाने बघायची तसा. दोन वेळा यंत्र वाजलं. दोन्ही वेळा बेस्तूनने डोळे मिटले. पहिल्या वेळेला गंजलेला खिळा निघाला. दुसऱ्या वेळेला हमाअमीनने तिथे एक छोटी लाल काडी खोचली आणि वाट तिच्या बाजूने वळवली. ती काडी बेस्तूनच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर होती. त्याने पावलं मोजली. दगडापासून तिसरं पाऊल.

हमाअमीनच्या माणसांनी त्याला दहा पावलं मागे बसवलं. खुंचे त्याच्याजवळ बसली आणि तिने वाटी त्याच्या हातात दिली. ताक कोणी, कधी वर आणलं त्याला कळलं नव्हतं. वाटी हातात तशीच राहिली.

पाच वाजून गेले. डोंगरावरचा उजेड पिवळा झाला, मग केशरी. बर्फाचे पट्टे पेटल्यासारखे दिसले आणि तळ्याने ते सगळं उलटं करून आपल्यात घेतलं. आठ दिवस जिची वाट पाहिली ती वेळ समोर होती. शिलेरचा हात कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. तिने तो हलवला नाही. ती डोंगराकडे बघतही नव्हती. पोटावर सरकत येणाऱ्या त्या निळ्या माणसाकडे बघत होती.

"शिलेर," बेस्तूनने हाक मारली.

"काय?"

"पाय दुखतात?"

"डावा बधिर झालाय. बोल काहीतरी."

मघापासून त्याच्या मनात अडकलेलं तेच बाहेर आलं.

"तुला कधी कळलं?"

हमाअमीनने हात थांबवला, पण वर पाहिलं नाही. मग पुन्हा टोचायला लागला.

"शेळ्या बघितल्या, लांबच्या लेन्समधून. एक काळी येऊन दगडाला अंग घासत होती. पलीकडून. शेळ्या तिकडं चरतात, म्हणजे सुरुंग आपल्या बाजूला, हे मग समजलं."

"तेव्हा मी कुठं होतो?"

"नाळेत. निम्म्यावर. तू वळून हात केलास ना, तेव्हाच."

"तिथवर हाक आली असती," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "मला ऐकू आली असती. मग का नाही मारलीस? इतका वेळ एकटी, एक शब्द न बोलता..."

"बर्फावर तुला काही होणार नव्हतं. आणि खाली माणसं होती, त्यांना ठाऊक असणार. तू खाली पोचायला हवा होतास."

"मग सांगायचं तसं. मी गेलोच असतो."

"नाही. हाक मारली असती तर तू वर आला असतास."

"मी?" बेस्तून म्हणाला. त्याला हसायचं होतं, ते जमलं नाही. "मी तर ससा तुझा."

"हो," शिलेर म्हणाली. "तरी आला असतास."

खुंचेने मान दुसरीकडे फिरवली आणि उगाचच एका शेळीला हाक घातली. हमाअमीनने एक पांढरी काडी उजवीकडे खोचली, एक डावीकडे, आणि कोपरांवर पुढे सरकला. निम्मी वाट झाली होती.